तिन्यानेल्लो : नियम, परंपरा आणि नावाचा हक्क

सारांश :
इटलीतील तोस्काना प्रांतात तयार होणारी 'तिन्यानेल्लो' ही मिश्र लाल वाइन परंपरेविरुद्धच्या बंडाचे ठळक उदाहरण मानली जाते. प्रस्तुत लेखात या प्रचलित आकलनाची चिकित्सा केली आहे. बेत्तिनो रिकासोली यांचे १८७२ चे पत्र, कियांती वाइनची १९६७ ची नियमावली आणि १९७० नंतरचा आंतिनोरी घराण्याचा प्रयोग यांचा एकत्रित विचार केला असता, हे बंड परंपरेविरुद्ध नव्हते. परंपरेचा अर्धाच भाग ग्राह्य धरणाऱ्या नियमाविरुद्ध होते, असे दिसते. तथापि या बंडाला लागणारे भांडवल व प्रतिष्ठा सर्वांपाशी नव्हती. त्यातून प्रदेशाच्या सामाईक नावापेक्षा खाजगी नावाला अधिक मोल आले, याचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.

बीजसंज्ञा : कियांती, सांजोवेसे, आंतिनोरी, भौगोलिक नाव, परंपरा, नियमन.

१. प्रस्तावना

एखाद्या कृषिउत्पादनाला त्याच्या प्रदेशाचे नाव प्राप्त होते, तेव्हा त्या नावामागे अनेक पिढ्यांचे श्रम उभे असतात. त्या नावाची नक्कल होऊ नये व त्याच्या आडून भेसळ चालू नये, यासाठी शासन नियम करते. नियम करण्यापूर्वी मात्र त्या प्रदेशाची खरी परंपरा कोणती, हे ठरवावे लागते. परंपरा काळानुसार बदलत आलेली असते. नियमाला निश्चित टक्केवारी हवी असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा केवळ कायद्याचा प्रश्न नसून संस्कृतीच्या अभ्यासाचाही आहे.

या दृष्टीने तिन्यानेल्लोचा इतिहास अभ्यासनीय आहे. १९७१ च्या हंगामापासून ही वाइन 'विनो दा ताव्होला', म्हणजे साधी जेवणाची वाइन, या नावाने विकली जाऊ लागली. इटलीच्या कायद्यातील हा सर्वांत खालचा वर्ग होय. असे असूनही पुढील काही वर्षांत तिची गणना त्या देशातील श्रेष्ठ व महागड्या वाइनमध्ये होऊ लागली. अशा वाइनना इंग्रजी लेखनात 'सुपर टस्कन' असे नाव पडले. गुणवत्तेची हमी देण्यासाठी केलेल्या वर्गवारीत उत्तम वाइन तळाशी असावी, ही विसंगती उघड होती. तिची उकल बहुधा 'दूरदृष्टीचा उत्पादक आणि जुनाट नियम' अशा सरळ कथेने केली जाते. ही कथा असत्य नाही. परंतु ती अपुरी आहे.

२. इस्टेट आणि घराणे

फ्लोरेन्सच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, ग्रेव्हे व पेसा या नद्यांच्या खोऱ्यांदरम्यानच्या टेकड्यांवर तिन्यानेल्लो ही इस्टेट आहे. तिचे एकूण क्षेत्र ३१९ हेक्टर असून त्यापैकी सुमारे १३० हेक्टरवर द्राक्षबागा आहेत. ज्या बागेवरून वाइनला नाव मिळाले, ती सुमारे ५७ हेक्टरची असून समुद्रसपाटीपासून ३५० ते ४०० मीटर उंचीवर आहे. येथील जमिनीत 'आल्बेरेझे' नावाचा पांढरा चुनखडी दगड व 'गालेस्त्रो' नावाचा ठिसूळ, पापुद्र्यांचा खडक आढळतो. अलीकडच्या काळात हा पांढरा दगड फोडून वेलींच्या बुडाशी पसरण्याची पद्धत येथे स्वीकारली गेली. त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश उशिरा पिकणाऱ्या वाणाला उपयोगी पडतो. याच टेकडीवर 'सोलाया' ही दुसरी प्रसिद्ध बाग असून तिची वाइन १९७८ च्या हंगामापासून स्वतंत्रपणे तयार होऊ लागली.

आंतिनोरी घराणे आपला वाइनशी असलेला संबंध १३८५ पासून सांगते. त्या वर्षी जोव्हान्नी दि पिएरो आंतिनोरी यांनी फ्लोरेन्समधील वाइन व्यापाऱ्यांच्या श्रेणीत प्रवेश केला. पिएरो आंतिनोरी यांनी १९६६ मध्ये व्यवसायाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा कियांतीची प्रतिष्ठा ओसरत चालली होती. गवताच्या वेष्टणातील फुगीर बाटली हीच त्या वाइनची जगभरातील ओळख होती आणि ती ओळख स्वस्तपणाची होती.

या ऱ्हासाला सामाजिक पार्श्वभूमी होती. तोस्कानातील शेती शतकानुशतके 'मेझाद्रिया' या अर्धेलीच्या पद्धतीने चालत आली होती. कसणाऱ्या कुटुंबाने उत्पन्नाचा अर्धा वाटा मालकास द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. एकाच शेतात धान्य, ऑलिव्ह व द्राक्षवेली यांची मिश्र लागवड असे. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने शहरांकडे वळलीच होती. मिश्र शेतीच्या जागी केवळ द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः अधिक उत्पन्नाकडे पाहून लावल्या गेल्या. नेमक्या याच संक्रमणकाळात कियांतीची नियमावली अस्तित्वात आली, ही बाब महत्त्वाची आहे.

३. रिकासोली यांचे पत्र आणि १९६७ चा नियम

कियांतीच्या 'पारंपरिक' मिश्रणाचा उगम बेत्तिनो रिकासोली यांच्या १८७२ च्या पत्रात शोधला जातो. इटलीचे पंतप्रधानपद दोनदा भूषविलेल्या या सरदाराने ब्रोलियो येथील आपल्या इस्टेटीवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष त्यांनी पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना कळविले. त्या पत्राचा आशय असा : सांजोवेसे या वाणातून वाइनला मुख्य गंध व जोम प्राप्त होतो. कानायोलो तिचा कठोरपणा सौम्य करते. माल्वासिया हे पांढरे द्राक्ष वाइनला हलके करते व रोजच्या जेवणासाठी लवकर तयार करते. परंतु दीर्घकाळ मुरविण्याच्या वाइनमधून ते वगळणेच इष्ट.

या पत्रातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, रिकासोली यांनी एक मिश्रण सांगितले नसून दोन प्रयोजनांसाठी दोन मिश्रणे सांगितली आहेत. दुसरी अशी की, त्यांच्या या सूत्रात त्रेब्बियानो या विपुल पण फिक्या पांढऱ्या द्राक्षाला स्थान नाही.

इटलीने १९६३ मध्ये वाइनच्या उगमस्थानदर्शक नावांचा कायदा केला आणि १९६७ मध्ये कियांतीला 'डीओसी' दर्जा मिळाला. त्या नियमावलीने सांजोवेसेचे प्रमाण ५० ते ८० टक्के आणि कानायोलोचे १० ते ३० टक्के ठरविले. त्याचबरोबर त्रेब्बियानो व माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षांचा १० ते ३० टक्के वाटा आवश्यक केला. म्हणजे रिकासोली यांनी केवळ रोजच्या हलक्या वाइनसाठी सुचविलेली बाब सर्व वाइनसाठी सक्तीची झाली आणि तीत त्रेब्बियानोची भर पडली. पांढऱ्या द्राक्षांच्या वेली बागांमध्ये आधीच मोठ्या संख्येने होत्या व त्यांचे उत्पन्न भरपूर होते. नियमाने त्यांना परंपरेची मान्यता दिली. परंपरेच्या नावाने येथे वस्तुतः तत्कालीन परिस्थिती कायद्यात उतरली, असे म्हणणे भाग आहे.

४. १९७० ते १९८२ : मिश्रणाची घडण

तिन्यानेल्लो एका रात्रीत निर्माण झाली नाही. १९७० च्या हंगामात या बागेची द्राक्षे प्रथमच स्वतंत्रपणे वापरून जी वाइन केली गेली, ती 'कियांती क्लासिको रिझेर्व्हा' याच नावाची होती. तीत कानायोलोबरोबर पांढऱ्या द्राक्षांचाही थोडा वाटा होता. १९७१ मध्ये कियांतीचे नाव सोडून बागेचे नाव स्वीकारले गेले. १९७५ पासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली गेली. १९८२ पासून मिश्रणाचे स्वरूप स्थिरावले. सुमारे ८० टक्के सांजोवेसे, १५ टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ५ टक्के कॅबर्ने फ्रां हे ते प्रमाण होय. बारा वर्षांचा हा क्रम पाहता, नाव सोडण्याचा निर्णय आधी व मिश्रणाची निश्चिती नंतर झाली, हे स्पष्ट होते.

या घडणीत जाकोमो ताकिस या वाइनतज्ज्ञाचा वाटा मोठा आहे. बोर्दो येथील एमिल पेनो यांचेही मार्गदर्शन लाभले. सांजोवेसे हे उशिरा पिकणारे, तीव्र आम्लतेचे व तुलनेने फिक्या रंगाचे द्राक्ष आहे. कमी पिकलेल्या सांजोवेसेचे टॅनिन जिभेला खरखरीत लागते. कॅबर्ने सोव्हिन्योंने या वाइनला गडद रंग व भरीव बांधा दिला, तर कॅबर्ने फ्रांने गंधाची सूक्ष्मता वाढविली. शिवाय मोठ्या जुन्या पिंपांऐवजी सुमारे २२५ लिटरची लहान ओक पिंपे वापरली गेली. लहान पिंपात वाइनचा लाकडाशी व हवेशी संबंध अधिक येतो. त्यामुळे टॅनिन मऊ होते आणि रंग टिकतो.

याच मुद्द्यावर तिन्यानेल्लोविषयीचा मुख्य आक्षेप उभा राहतो. कॅबर्ने हे बलवान द्राक्ष आहे. थोड्या प्रमाणातही ते आपला ठसा उमटविते. नव्या ओक पिंपाचा व्हॅनिलासारखा वास प्रदेशाच्या गंधावर मात करू शकतो. अशी वाइन बोर्दोची असावी की तोस्कानाची, असा संभ्रम पडतो, असे टीकाकारांचे म्हणणे असते. सुपर टस्कन म्हणविणाऱ्या अनेक वाइनच्या बाबतीत हा आक्षेप योग्य आहे. १९८० नंतर या नावाची लाट आली, तेव्हा कॅबर्ने व नवे ओक हीच गुणवत्तेची लक्षणे मानली गेली. तिन्यानेल्लोला मात्र हा आक्षेप पूर्णपणे लागू होत नाही. तीत चार पंचमांश भाग सांजोवेसेचा आहे आणि आंबट चेरीची आठवण देणारी तिची तजेलदार आम्लता शेवटपर्यंत जाणवते. कॅबर्नेचे काम येथे आधाराचे आहे.

याच काळातील दोन वाइनशी तुलना केल्यास तिचे स्थान अधिक स्पष्ट होते. मार्केझे मारियो इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांची 'सास्सिकाया' १९६८ च्या हंगामापासून आंतिनोरींच्या साहाय्याने बाजारात आली. ती मुख्यत्वे कॅबर्नेची असून बोल्गेरीच्या समुद्रकिनारी भागात तयार होते. तेथे नामांकित लाल वाइनची जुनी परंपरा नसल्याने तिने कोणते नाव सोडले नाही. याउलट राद्दा येथील मोंतेव्हेर्तिने या लहान इस्टेटीचे सेर्जो मानेत्ती यांनी १९७७ पासून 'ले पेर्गोले तोर्ते' ही केवळ सांजोवेसेची वाइन तयार केली. तत्कालीन नियमानुसार शुद्ध सांजोवेसेलाही कियांती म्हणता येत नव्हते. म्हणजे फ्रेंच वाण मिसळणारा आणि स्थानिक वाणाखेरीज काहीही नाकारणारा, असे दोघेही नियमाबाहेर गेले. ज्या नियमातून प्रदेशाचे मुख्य द्राक्ष एकट्याने उभे राहू शकत नाही, तो नियम परंपरेचे रक्षण करीत होता असे म्हणणे कठीण आहे.

५. बंडाचे भांडवल

नियम सदोष होता एवढ्यावरून तो मोडणे सर्वांना सारखेच शक्य होते, असे होत नाही. तिन्यानेल्लोची वाइन १९७२, १९७३, १९७४, १९७६, १९८४, १९९२ आणि २००२ या सात हंगामांत तयार करण्यात आली नाही. हवामानामुळे अपेक्षित दर्जा न लाभल्याने हे हंगाम वगळले गेले. विशेष म्हणजे नव्या नावाची पहिली वाइन १९७१ ची आणि त्यानंतरचे तीन हंगाम सलग रिकामे! बाजारात नुकतेच आलेले नाव तीन वर्षे अनुपस्थित ठेवणे हे गुणवत्तेविषयीच्या निष्ठेचे लक्षण आहे, यात शंका नाही. परंतु ही निष्ठा परवडण्यासाठी इतर इस्टेटींचे उत्पन्न, साठवणुकीची सोय व विक्रीची जुनी व्यवस्था असावी लागते. दोन-तीन हेक्टरांच्या शेतकऱ्याला वर्षाचे पीक असे बाजूस सारता येत नाही.

हीच गोष्ट नावाची. 'जेवणाची वाइन' असे बाटलीवर लिहूनही ग्राहक जास्त किंमत मोजतो, ती उत्पादकाच्या नावावरील विश्वासामुळे. आंतिनोरी हे नाव फ्लोरेन्समध्ये शतकांपासून परिचित होते. मोंतेव्हेर्तिनेचे उदाहरण लहान इस्टेटीलाही हे शक्य असल्याचे दाखविते. तथापि मानेत्ती हे पोलाद व्यवसायातून आलेले होते आणि त्यांची उपजीविका द्राक्षांवर सुरू झाली नव्हती. ज्याच्यापाशी स्वतःचे नाव नाही, त्याला प्रदेशाच्या नावाचाच आधार असतो. प्रदेशातील उत्तम बागांची द्राक्षे त्या नावातून बाहेर पडू लागली, की उरलेल्यांच्या वाट्याला ढासळलेले नाव येते. बंडाची प्रशस्ती करणाऱ्या लेखनात या परिणामाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

६. नियमाची दुरुस्ती आणि न झालेले पुनरागमन

दुसरी बाजू अशी की, नियम दुरुस्त झाला तो याच दबावामुळे. १९८४ मध्ये कियांतीला 'डीओसीजी' हा वरचा दर्जा मिळाला, तेव्हा क्लासिको विभागासाठी पांढऱ्या द्राक्षांचे आवश्यक प्रमाण २ ते ५ टक्क्यांवर आले आणि परंपरेबाहेरील वाणांना मर्यादित वाव मिळाला. १९९२ च्या कायद्याने 'आयजीटी' हा मधला वर्ग निर्माण केला. जेवणाच्या वाइनच्या वर्गात अडकलेल्या उत्तम वाइनना त्यामुळे योग्य जागा मिळाली. १९९६ मध्ये कियांती क्लासिकोला स्वतंत्र नियमावली प्राप्त झाली व केवळ सांजोवेसेची वाइनही ग्राह्य ठरली. अखेर २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वर्ज्य झाली. एकेकाळी जे सक्तीचे होते ते चाळीस वर्षांच्या आत निषिद्ध ठरले. रिकासोली यांनी दीर्घकाळ मुरविण्याच्या वाइनबाबत जे सांगितले होते, तेथे नियम १३४ वर्षांनी पोहोचला.

आज कियांती क्लासिकोसाठी किमान ८० टक्के सांजोवेसे लागते आणि उरलेल्या भागात कॅबर्नेसारखी मान्य लाल द्राक्षे चालतात. तिन्यानेल्लोचे मिश्रण या चौकटीत बसण्याजोगे आहे. तरीही ती 'तोस्काना आयजीटी' याच नावाने विकली जाते. नियमाने चूक सुधारली, पण बाहेर पडलेले नाव परतले नाही. यामागील व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे : बागेचे खाजगी नाव आता प्रदेशाच्या नावाहून अधिक किमतीचे झाले आहे. परंतु त्यामुळे 'सदोष नियमामुळे नाव सोडावे लागले' हे समर्थन १९९६ नंतर, निदान २००६ नंतर, पुरेसे राहत नाही.

दरम्यान कियांती क्लासिको स्वतःच वेगळ्या दिशेने जात आहे. २०१४ मध्ये 'ग्रान सेलेझिओने' ही सर्वोच्च श्रेणी सुरू झाली. २०२१ मध्ये उत्पादक संघाने या श्रेणीसाठी सांजोवेसेचे किमान प्रमाण ९० टक्के करण्याचा आणि उरलेल्या भागातून आंतरराष्ट्रीय वाण वगळण्याचा निर्णय घेतला. येथे तिन्यानेल्लोपेक्षा मानेत्ती यांची भूमिका अधिक स्वीकारली गेल्याचे दिसते. ही भूमिकाही उद्या सक्तीची परंपरा होणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

७. महाराष्ट्राशी असलेला दुवा

सांजोवेसे व कॅबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण आता महाराष्ट्रातही होते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात २००७ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्रातेल्ली' या भारतीय-इटालियन उपक्रमात तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी सहभागी झाले. तेथील 'सेत्ते' ही वाइन याच दोन वाणांची आहे. तिन्यानेल्लोशी तिची स्पर्धा लावण्याचे कारण नाही. परंतु मिश्रणाचे सूत्र आणि प्रदेश यांतील भेद त्यातून स्पष्ट होतो. तोस्कानात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो आणि सांजोवेसेची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात वेलाला तशी विश्रांती मिळत नाही. एप्रिलमधील खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर होते. वाण तेच, प्रमाणही जवळपास तेच ठेवता येईल. पण आम्लता, पक्वता व गंध यांचे गणित वेगळेच राहते.

राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर महाराष्ट्रात वायनरींची संख्या वाढली आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक निर्देशनही मिळाले. येथे जुन्या मिश्रणाची परंपरा नसल्यामुळे ती गोठविण्याचा धोका आज तितकासा नाही. मात्र सामाईक नाव व कंपनीचे नाव यांतील तोल हा प्रश्न येथेही उपस्थित होणारच. वायनरीला द्राक्षे पुरविणाऱ्या शेतकऱ्याचे हित कोणत्या नावाशी जोडलेले आहे, याचा विचार नियम करतानाच व्हावयास हवा.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. तिन्यानेल्लोने नाकारलेली 'परंपरा' ही रिकासोली यांच्या विचाराचे अपुरे वाचन होते. त्या अर्थाने पांढरी द्राक्षे वगळणारी ही वाइन नियमापेक्षा मूळ विचाराच्या अधिक जवळ होती. कॅबर्ने व लहान पिंपे ही मात्र तिची खरी नवनिर्मिती होय आणि सांजोवेसेचे प्राधान्य राखल्यामुळे ती समर्थनीय ठरते. तिच्या यशाने नियमातील दोष उघड केला व दुरुस्ती घडवून आणली, हे तिचे ऐतिहासिक श्रेय आहे. परंतु हे यश मोठी इस्टेट, जुने घराणे व वगळलेले सात हंगाम सोसण्याची क्षमता यांवर उभे आहे. त्यामुळे 'नियम नसतील तर गुणवत्ता वाढेल' असा निष्कर्ष त्यातून काढणे चुकीचे ठरेल.

प्रदेशाच्या नावाचे खरे रक्षण कठोर टक्केवारीने होत नाही आणि केवळ समर्थ उत्पादकाच्या स्वातंत्र्यानेही होत नाही. ज्यांना बाहेर पडणे परवडत नाही त्यांच्यासाठी नियम आवश्यकच आहे. मात्र त्यात अनुभवानुसार बदल करण्याची वाट आरंभापासून असली पाहिजे. कियांतीला ती वाट सापडण्यास सुमारे चार दशके लागली आणि तोवर तिच्या भूमीतील एक उत्कृष्ट वाइन तिच्या नावाबाहेर स्थिरावली होती.